चुलीचा धूर कुणाच्या हिशोबात?

पालघर जिल्ह्यात हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला, की बोट आपोआप तारापूरकडे जातं. त्यात चूक काही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या औद्योगिक वसाहतींची हवा, पाणी आणि जमीन तपासून त्यांना गुण दिले, तेव्हा तारापूरला ९३.६९ गुण पडले. देशात सर्वांत जास्त, आणि या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त विष. त्याच जिल्ह्याचं दुसरं टोक म्हणजे जव्हार आणि मोखाडा. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास वसलेलं जव्हार, तिथला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, शिरपामाळ. मुंबईची आणि नाशिकची माणसं इथे हवा बदलायला येतात, या गावाला पालघरचं महाबळेश्वर म्हणतात आणि दोन दिवस छातीभर श्वास घेऊन परत जातात.

म्हणजे हिशोब सोपा झाला. तारापूरची हवा घाण, जव्हारची स्वच्छ. तिथल्या साखरशेतसारख्या गावात ना कारखाना, ना वाहनांची रांग, ना बांधकामाची धूळ. तिथे प्रदूषण कसलं आलंय?

हा हिशोब चुकीचा आहे असं मला म्हणायचं आहे. तो चुकतो, कारण आपण धूर मोजतो तो आकाशात. माणसाच्या छातीत किती गेला हे आपण विचारतच नाही. ज्या दिवशी ते विचारू, त्या दिवशी पालघरच्या प्रदूषणाचा नकाशा उलटापालटा होईल आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावरची, कुडाच्या भिंतीआडची एक जागा त्यावर ठळक दिसायला लागेल. ती जागा म्हणजे चुलीसमोरची बसायची जागा.

जुलैतली संध्याकाळ घ्या. या डोंगरात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. उन्हाळ्यात रचून ठेवलेलं लाकूडही दमट होतं आणि नवीन आणलेली मोळी तर ओलीच. घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं. खिडकी असलीच तर वीतभर. पावसाची झड आत येऊ नये म्हणून दारही लोटलेलं. बाई खाली बसून फुंकणीने चूल फुलवते, ज्वाळा धरते आणि पुन्हा विझते. ओल्या लाकडाच्या उष्णतेचा काही भाग त्यातलं पाणी उडवण्यातच जातो, ज्वाळेला ताप चढत नाही आणि लाकडातून सुटलेले वायू पुरते न जळताच धूर होऊन बाहेर पडतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात आणि केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे कण असतात, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो. नागलीची भाकर घाईने होत नाही. पीठ उकळीत घालायचं, मळायचं, एकेक थापायची, शेकायची. तेवढा वेळ बाईचं तोंड चुलीपासून हातभर अंतरावर असतं. तान्हं मूल मांडीवर किंवा पाठीशी, आणि मोठी मुलगी लाकूड आत सारायला शेजारी.

या धुराचे उपयोगही आहेत आणि ते विसरून बोलणं हा शहरी उद्धटपणा ठरेल. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं बियाणं धुरामुळे किडीपासून वाचतं. छपराचे बांबू आणि वासे काजळी धरून काळे होतात, त्यांना भुंगा लागत नाही. पावसाळ्यात डास कमी येतात. जव्हारच्या थंडीत पहाटे घर उबदार राहतं. गॅसची शेगडी यातलं एकही काम करत नाही. ‘गॅस दिला तरी बायका चूल सोडत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी या सगळ्या कामांची यादी करावी, मग तक्रार करावी.

कर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. २०२० साली ते गेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं बांधली. तोवर प्रदूषण मोजायचं म्हणजे बहुतेक वेळा शहरातल्या इमारतीच्या गच्चीवर यंत्र ठेवायचं. स्मिथ यांनी पुढे आयुष्यभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली. घराच्या आत सोडलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या एक ग्रॅम धुरापेक्षा सुमारे हजार पट जास्त असते. उंच धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याने पातळ होतो, पांगतो, पावसाने खाली बसतो. कुणाच्या नाकापर्यंत येईतो त्यातला अगदी थोडा उरतो. चुलीचा धूर थेट नाकातच जातो.

ही हजाराची पट एकदा मनात धरली की सगळा विषय वेगळा दिसतो. चूल वीजकेंद्राच्या तुलनेत नगण्य धूर सोडते हे खरं आहे आणि तरीही चूल जास्त माणसं आजारी पाडू शकते हेही खरं आहे. २०१९ या वर्षासाठीचा भारताचा अंदाज ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात २०२० साली आला. हवेच्या प्रदूषणाने झालेले मृत्यू १६.७ लाख, त्यातले ९.८ लाख बाहेरच्या सूक्ष्म कणांमुळे आणि ६.१ लाख घरातल्या धुरामुळे. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने तर डॉक्टरांचीच समजूत बदलली. दम्यासारख्या दिसणाऱ्या आणि बरा न होणाऱ्या सीओपीडी या आजाराचं कारण म्हणजे विडी-सिगारेट, असं वैद्यकाची पुस्तकं सांगत होती. साळवींनी दाखवलं की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, पण लाकूड, गोवऱ्या आणि काटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी आहेत. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेली साठीतली बाई चार पावलं चढून धापा टाकते, तेव्हा तिच्या छातीत चाळीस-पन्नास वर्षांचा स्वयंपाक साठलेला असतो. गावातल्या आशाताईंना अशा बायका विचाराव्यात. त्यांना नावानिशी माहीत असतात.

आणि घरातला धूर घरात राहतो असंही नाही. २०१९ सालीच आयआयटी दिल्लीचे साग्निक डे, स्मिथ आणि इतरांनी मिळून केलेला अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यांचा निष्कर्ष असा की भारतातल्या घराघरांतलं लाकूड-गोवऱ्यांचं जळण पूर्ण थांबलं, बाकी एकही कारखाना, एकही गाडी बदलली नाही, तरी देशाची बाहेरच्या हवेतली पीएम २.५ची सरासरी ३८ मायक्रोग्रॅमवर येईल. भारताची स्वतःची वार्षिक मर्यादा ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ५ आहे हे खरं, तिथे आपण अजून कितीतरी लांब आहोत. पण देशाच्या मर्यादेच्या आत येण्याचा एक रस्ता स्वयंपाकघरातून जातो, असं हा अभ्यास म्हणतो.

आता सरकार पैसा कुठे घालतं ते पाहा. २०१९च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. यादी शहरांची, सुमारे १३०. महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत, खेडं एकही नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ साली या खर्चाची छाननी केली, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरची धूळ बसवण्यावर गेल्याचं दिसलं. पाणी मारणारे ट्रक आणि झाडणारी यंत्रं यांवर. पालापाचोळा-लाकूड जाळण्याच्या प्रश्नावर साडेचौदा टक्के, कारखान्यांवर एक टक्कासुद्धा नाही. रस्त्याची धूळ डोळ्यांना दिसते आणि ट्रक फिरताना फोटो चांगला येतो. भाकरी थापणाऱ्या बाईच्या छातीतली काजळी दिसत नाही, म्हणून तिच्या वाट्याला या निधीतला रुपयाही येत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या धुराबद्दल बाहेरचे लोक बोललेच तर राबाबद्दल बोलतात. मार्च ते मे या काळात घाटातून जाताना डोंगरउतारावर ठिकठिकाणी धूर उठलेला दिसतो आणि गाडीतली माणसं म्हणतात, बघा, आदिवासी जंगल जाळताहेत. प्रत्यक्षात तो राब असतो. ऐनासारख्या झाडांचा पाला-फांद्या, शेण, गवत, वर मातीचा थर असं रचून नागली, वरई आणि भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजतात. आगीने तणाचं बी मरतं, जमीन मोकळी होते, राख खत होते. पैसा न घालता चांगलं रोप मिळतं. हा वाद जुना आहे. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे आणि कुलाब्याच्या शेतकऱ्यांचं मोठं गाऱ्हाणं राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्काचंच होतं. तेव्हाही साहेबाला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटत होती.

राबाने धूर होतो, कुणी नाही म्हणत नाही. पण तो उघड्यावर, उन्हाळ्यातल्या वाऱ्यात, वर्षातून काही दिवस होतो. छातीच्या हिशोबाने तो चुलीच्या पासंगालाही पुरत नाही. राब कमी करता येईल, करावाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, रोपवाटिकाच लागत नाही, म्हणून राबही लागत नाही. मात्र त्यात तणनाशक वापरावं लागतं, आणि वरकस उतारावरच्या नागली-वरईला ते जसंच्या तसं बसत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरतात. तो रस्ता इथल्या शेतकऱ्याच्या जास्त जवळचा आहे. पण हवा शुद्ध करण्याची सुरुवात राबावर बंदी घालून करायची, हे मला मान्य नाही. जो धूर दिसतो त्यावर बंदी आणि जो मारतो त्याकडे पाठ, असं ते होईल. शिवाय दोष सर्वांत गरिबाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ.

मग करायचं काय? इथे एक जुनी आठवण उपयोगाची आहे, आणि ती या भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही असेल. घरात रॉकेलची चिमणी असायची. बाटलीला वात लावलेली, उघडी. तिच्याजवळ अभ्यास करणाऱ्या पोरांच्या नाकपुड्या सकाळी काळ्या असायच्या. पुढे संशोधकांनी मोजलं तेव्हा कळलं की अशा साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलचा ७ ते ९ टक्के भाग शुद्ध काजळी होऊन हवेत जातो. ती चिमणी आज जवळजवळ गेली. कुणी तिच्याविरुद्ध जनजागृती केली नाही, पथनाट्यं झाली नाहीत, ‘चिमणीमुक्त गाव’ असा फलक लागला नाही. वीज आली, बल्ब लागला, चिमणी गेली.

चिमणी गेली, मग चूल का नाही गेली? बायका अडाणी आहेत म्हणून नव्हे. विजेची तार घरापर्यंत येते, जेवढी वापरली तेवढेच पैसे, बिल थोडं थोडं. चिमणीपेक्षा बल्ब स्वस्त, सोपा आणि सर्व बाजूंनी बरा होता. गॅसचं तसं नाही. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देशात १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. काम मोठं आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण जोडणी मिळणं आणि चूल विझणं यात फार अंतर आहे. उज्ज्वलाच्या घरांत २०२३-२४ या वर्षात सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरले गेले. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर सात-आठ तरी लागतात. म्हणजे देशाची सरासरी धरली तरी निम्मा स्वयंपाक लाकडावर, आणि ही सरासरी आहे. रोख पैशाची चणचण असलेल्या डोंगरी तालुक्यांकडून त्याहून जास्तीची अपेक्षा करणं अवघड आहे.

पैशाची गोष्ट जवळून पाहा. आठ-नऊशे रुपये एका वेळी द्यायचे असतात. अनुदान नंतर खात्यावर येतं. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत केले, पण तिथेही आधी पूर्ण रक्कम मोजायची आणि केंद्राचे ३०० व राज्याचे ५३० रुपये मागाहून बँकेत जमा होणार, अशीच रचना ठेवली. ज्या बाईच्या हातात श्रावणात रोख शंभर रुपये नसतात, तिला हे मोफत नव्हे. ती कागदावर लाभार्थी असते आणि घरात ओली मोळी फुंकत असते. त्यात पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर १४.२ किलोचा गॅस, त्यावर टाकीचं लोखंड, असं ओझं डोक्यावरून किंवा भाड्याच्या जीपने आणायचं. लाकडाला पैसे पडत नाहीत. त्याला बाईचा अर्धा दिवस पडतो, पण तो दिवस कुणी मोजत नाही, घरातही नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जोडण्या वाटून झाल्या, आता भरणं परवडेल असं करा. अनुदान आगाऊ द्या, किंवा दुकानदाराने तेवढे पैसे कमीच घ्यावेत. पाच किलोची लहान टाकी उज्ज्वलात मिळू शकते. ती रास्त भाव दुकानात, पाड्याच्या जवळ, महिला बचत गटाच्या हाती द्या. तीनशे रुपयांत भरून मिळणारी आणि काखेत धरून नेता येणारी टाकी इथे खपेल. जून ते सप्टेंबर हे चार महिने धूर सर्वांत वाईट असतो आणि हातात पैसा सर्वांत कमी असतो. तेव्हा आदिवासी तालुक्यांत भरणं पूर्ण मोफत ठेवा. आणि सुरुवात सार्वजनिक चुलींपासून करा. अंगणवाडीत अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं ताजं जेवण शिजतं, आश्रमशाळांत शेकडो मुलांचं शिजतं. तिथे एकही चूल लाकडावर राहता कामा नये. पोषणासाठी बोलावलेल्या गरोदर बाईला आपण धुराशेजारी बसवत असू, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतोय.

इथे एक अडचणीची गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. ‘हॅपिन’ नावाची मोठी चाचणी झाली. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायका घेतल्या, निम्म्यांना गॅसची शेगडी आणि १८ महिने फुकट गॅस घरपोच दिला. त्या बायकांच्या श्वासातले पीएम २.५ कण चूलवाल्यांच्या ७० मायक्रोग्रॅमच्या तुलनेत २४वर आले. घट मोठी आहे. पण २०२२ साली निकाल आले तेव्हा बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नव्हता, आणि २०२४ साली कळलं की वर्षाच्या आतल्या बाळांचा तीव्र न्यूमोनियाही कमी झाला नव्हता. याचा आधार घेऊन काही जण म्हणतील, मग गॅसवर खर्च कशाला?

मी या निकालाकडे दोन तऱ्हेने पाहतो. एक, बाळाचं वजन एका धुरावर ठरत नाही. जव्हारचं वावर-वांगणी १९९२-९३ साली बालमृत्यूंमुळे देशाला कळलं, २०१६ साली मोखाडा कुपोषणामुळे पुन्हा मथळ्यांत आलं. आईचं रक्त कमी, वय कमी, आहार कमी, अंगावर काम जास्त, तिथे फक्त धूर काढला म्हणून वजन वाढावं ही अपेक्षाच चुकीची. ज्यांना गॅस म्हणजे कुपोषणाचा उपाय वाटतो त्यांनी तो दावा सोडावा. दोन, गर्भारपणाच्या मध्यावर आलेला गॅस त्याआधीच्या वीस वर्षांचा धूर पुसत नाही. फुप्फुसाचा आजार दशकांत चढतो. अठरा महिन्यांत त्याचा उतार दिसत नाही. विडी सोडलेल्या माणसाचा पहिल्या वर्षी खोकला थांबला नाही म्हणून कुणी त्याला विडी पुन्हा धर असं सांगत नाही.

सुधारित चुलींचं काय? १९८०च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम निघाला, साडेतीन कोटींच्या घरात चुली बसवल्या गेल्या आणि २००२ साली तो गुंडाळला गेला. महाराष्ट्रात धुराडं असलेली, दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ चूल त्याच काळातली. पुढे पुण्याच्या समुचित एन्व्हायरो टेकच्या प्रियदर्शिनी कर्वे आणि आनंद कर्वे यांनी उभी केलेली ‘आरती’ संस्था यांनी चुलींवर मनापासून काम केलं. पण चूल चांगली असणं पुरत नाही. तिचं धुराडं महिन्याने झाडावं लागतं, फुटलं तर बदलावं लागतं, आणि ते करायला गावात कुणी नेमलेलं नव्हतं. म्हणून मी सुधारित चूल हा दुय्यम उपाय धरतो. आंघोळीच्या पाण्याला आणि शेकायला, म्हणजे जिथे गॅस जाळणं कधीच परवडणार नाही तिथे. घरकुलांचं मात्र तातडीने बघायला हवं. प्रधानमंत्री आवास योजनेत २५ चौरस मीटरच्या घरात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे, पण पक्क्या छताला कौलासारख्या फटी नसतात. जुन्या घरात धूर कौलांमधून झिरपायचा. नव्यात तो कोंडतो. म्हणून कित्येक जण पडवीला पत्रा टाकून चूल बाहेर काढतात. घरकुलाच्या नकाशातच धुराड्याची जागा असावी, हप्ता देताना ती बघावी. शौचालय पाहतात तसं.

दिवाळीनंतर या गावांतली निम्मी घरं बंद होतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याण, शहापूरकडे वीटभट्टीवर जातात. आधीच उचल घेतलेली असते, तिथे आठवड्याला खावटी मिळते आणि मे महिन्यात हिशोब होतो. राहायला कच्च्या विटा रचून केलेला भोंगा, वाकून आत जायचं. इथल्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या नावातच ही वस्ती आहे. बाहेर भट्टी कोळसा आणि तुसावर दिवसेंदिवस धुमसते, आत चूल. गावातली उज्ज्वलाची टाकी गावातच राहते. वर्षाचे सहा महिने या माणसांना दोन्ही धूर एकदम मिळतात, एक पोटासाठी आणि एक मुंबईच्या इमारतींसाठी. केंद्राने फेब्रुवारी २०२२मध्ये वीटभट्ट्यांना झिगझॅग किंवा उभ्या भट्टीचं तंत्र बंधनकारक केलं. पण हंगामापुरत्या रचल्या जाणाऱ्या, धुराडंच नसलेल्या भट्ट्या तपासायला किती वेळा कोण जातं, हे भोंग्यात राहणाऱ्यांना विचारावं. औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा भाजाव्या लागत नाहीत. त्या वापरण्याचा आदेश १९९९पासून आहे. तो पाळला तर भट्ट्या कमी होतील आणि मजुरीही जाईल. म्हणून ते एकट्याने करता येणार नाही. गावात दिवाळीनंतर रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि बाएफ या संस्थेने जव्हारमध्ये केल्या तशा आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या, तरच भट्टीचा रस्ता सुटेल. स्थलांतर थांबवणं हा हवेचाही उपाय आहे, असं कुठल्याच स्वच्छ हवा आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते लिहायला हवं.

हे होण्यासारखं आहे का? याच जिल्ह्यात झालेलं आहे. डहाणूचं ५०० मेगावॉटचं वीजकेंद्र चिकूच्या बागांच्या शेजारी आलं, तेव्हा तिथले लोक कोर्टात गेले. २० जून १९९१ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. त्या प्राधिकरणाच्या चिकाटीमुळे २००७ साली डहाणूच्या केंद्रात धुरातला गंधक काढून घेणारं यंत्र बसलं, तेव्हा देशातली बहुतेक केंद्रं त्याचा विचारही करत नव्हती. लोकांनी मागितलं, कुणीतरी अधिकाराने रेटलं, पैसा कंपनीने भरला.

आणि घरातली चूल बदलायला सरकारने पैसा द्यायचा, हेही नवीन नाही. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर जे धुकं बसलं त्यात हजारो माणसं मेली. त्या धुराचा मोठा वाटा घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा होता. चार वर्षांनी ब्रिटनने कायदा केला, धूररहित विभाग ठरवले, आणि शेगडी बदलायच्या खर्चाचे दहातले सात भाग सार्वजनिक पैशातून देण्याची सोय त्याच कायद्यात ठेवली. लंडनच्या मध्यमवर्गाला जे मिळालं ते साखरशेतच्या कोकणा, वारली किंवा कातकरी बाईला जास्तीचं कसं होईल?

जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तो निधी रस्ता, गटार आणि सभामंडपापलीकडे इंधनावर कसा खर्चता येईल, हे ग्रामसभेने पाहावं. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी लहान टाक्यांचा साठा, अंगणवाडीची शेगडी, घरकुलांची धुराडी यांनी सुरुवात करता येईल. जिल्हा परिषदेने चार पाड्यांवर घराच्या आतली हवा मोजायची यंत्रं ठेवावीत, म्हणजे पुढचा वाद आकड्यांवर होईल. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर इंधन हा विषय घ्या, आणि तो मांडायला चूल पेटवणाऱ्या बाईलाच उभं करा.